चोथ्याचा पाव: नवव्या घाण्याला काप पडला

काल रात्री साडेदहाला पावात सुरी घातली आणि काप पडला. अख्खा, दोन्ही कडा शाबूत! तिसऱ्या घाण्याचा फोटो ज्यांनी पाहिला होता (‘पावाचा रवा’ म्हणणारे तुम्हीच ना?) त्यांना मी किती वेळ तो काप उजेडात धरून उभी होते ते सांगायला नको.

प्रमाण तेच, ४५० ग्रॅम मैदा आणि ५० ग्रॅम द्राक्षाच्या चोथ्याची (वाईनसाठी द्राक्षं पिळून उरलेल्या सालांची) पूड. आतापर्यंत मी दोष यीस्टला देत होते. नवं पाकीट आणलं, कोमट पाणी मोजून घेतलं, साखर वाढवली. मळताना पीठ मऊसूत, आणि तासाभराने झाकण काढावं तर भाकरीच्या उंड्यासारखं घट्ट, वर तडे. भाजून वीट.

आठवा घाणाही फसला तेव्हा वैतागून एका वाटीत १० ग्रॅम पूड आणि ३० ग्रॅम पाणी घातलं आणि समोर बसून राहिले. पाच मिनिटांनी पाणी वर तरंगतंय. पाऊण तासाने वाटी उपडी केली तर एक थेंब पडेना. सालं पाणी भरपूर पितात, पण सावकाश! मी मळून हात धुते तेव्हा त्यांचं पिणं नुकतं सुरू झालेलं असतं, आणि मग ती मैद्याच्या वाटणीचं ओढून घेतात. ग्लुटेन, म्हणजे मैद्यातलं प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं, कोरडं पडलं की ताणलं जात नाही, मग हवा धरणार कशात?

म्हणून नवव्याला पूड १५० ग्रॅम पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये भिजवली आणि मैद्याला २९० ग्रॅम पाणी वेगळं दिलं. मैदा आधी एकटा मळला, लगदा शेवटी घातला. पीठ हाताला जरा चिकटतं, चिकटू द्या. वरून मैदा भुरभुरवायचा मोह मी दोनदा आवरला.

बियांचाही हात होताच. कितीही दळा, कण टोचरे राहतात. शिवाय बियांत तेल असतं. गिरणीवाल्या काकांनी पहिल्याच वेळी “जात्याला तेल धरेल, ताई” म्हणून परत पाठवलं होतं, ते बरोबरच होतं. मिक्सरमध्ये भांडं तापून गोळे झाले आणि महिन्याभरात पुडीला खवट वास. आता वाळलेला चोथा हाताने चोळून मोठ्या चाळणीतून बिया आधीच काढते, मग सालं दळून मैद्याच्या चाळणीने चाळते. काम कंटाळवाणं, पण त्याला पर्याय नाही.

चोथा दिंडोरीकडच्या ओळखीतून आणला, पिळला त्याच दिवशी. उशीर केला की बुरशी. पांढऱ्या वाईनचा पुन्हा घेणार नाही. ती द्राक्षं आंबवण्याआधीच पिळतात, साखर तशीच राहते, गच्चीवर मुंग्यांची जत्रा आणि चार दिवसांनीही चिकट. लालमध्ये सालं रसाबरोबरच आंबतात, बहुतेक साखर यीस्टच संपवतं. मार्चच्या आपल्या उन्हात पातळ पसरून दोन दिवसांत कडकडीत.

नानकटाईचं थोडक्यात: तिच्यातही हीच पूड घातली होती, सोडा घातला आणि जांभळ्याची हिरवट राख झाली. सालीचा रंग आंबटात लाल, सोड्यासारख्या खारात निळा-हिरवा. खाल्ली मी एकटीनेच.

तंतूंचा ढोबळ हिशेब केला. वाळलेल्या सालीत निम्म्याहून जास्त तंतू धरले तर १०० ग्रॅम पावात चारेक ग्रॅम तरी पडावेत. पाकिटावर ‘तंतूंचा स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममागे ३ ग्रॅम लागतात, ‘भरपूर’ म्हणायला ६. त्या ६ साठीच पुढचा घाणा १० ऐवजी १५ टक्के पुडीचा ठरवला होता.

पण हे लिहिताना बाबांनी (त्यांना हा पाव अजून नाचणीचाच वाटतोय) उरलेला काप चहात बुडवला आणि तो तुटला नाही. मग १५ टक्के पावातच कशाला? टोस्टला मऊपणा लागतच नाही, तुरटपणा चहाच्या साखरेत मुरतो, आणि पाणी उडालं की तेवढ्याच वजनात तंतू आपोआप वाढतात. १० टक्क्यांतच ६ च्या पुढे जाईल की!

उरलेले सात काप आत्ताच ओटीजीत आडवे टाकलेत, ११० अंशांवर. दर वीस मिनिटांनी उलटतेय.