ग्रामनामांच्या व्युत्पत्तीचा अभ्यास करताना: माझा अनुभव

पीएच.डी.च्या आराखड्यात मी क्षेत्र म्हणून 'संपूर्ण मराठवाडा' असे लिहिले होते. मान्यता समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "आठ जिल्ह्यांतील गावे या जन्मात होतील का?" मला राग आला होता, पण त्यांचे बरोबर होते. मराठी आणि कन्नड जिथे एकमेकींत मिसळतात त्या उदगीर आणि देगलूर या दोनच तालुक्यांवर मी थांबले, आणि तेवढ्यानेही माझा पुरता दम काढला.

ध्वनिपरिवर्तनाचे नियम पाठ झाले की कोणतेही नाव उलगडता येईल, अशी सुरुवातीला माझी समजूत होती. प्रतिष्ठानचे पैठण झाले आणि तगरमधील 'ग' लोपून तेर झाले, हे वाचताना सारे सोपे वाटते. भोकरदनने हा भ्रम मोडला. ते माझ्या क्षेत्राबाहेरचे, जालना जिल्ह्यातले. पण सरावासाठी घेतले होते आणि भोकराच्या झाडावरून हे नाव पडले असावे, असे मी वहीत बेधडक लिहूनही टाकले होते. पुढे सांची आणि भारहूत येथील दानलेखांत भोगवर्धन या गावच्या दात्यांचे उल्लेख सापडले आणि ते भोगवर्धन म्हणजेच भोकरदन असे अभ्यासक मानतात हे कळले, तेव्हा ते पान फाडावे लागले. जुने रूप हाती असल्याशिवाय आजच्या उच्चाराला हात लावायचा नाही, हा नियम मी त्या दिवशी स्वतःला घालून घेतला.

सर्वांत जास्त वेळ 'ऊर' या अंत्यपदाने घेतला. कन्नडमध्ये 'ऊरु' म्हणजे गाव. परंतु संस्कृत 'पुर'मधील 'प' प्राकृतात झिजला तरी 'ऊर'च उरतो, त्यामुळे नुसत्या शेपटावरून नावाचे कूळ ठरवता येत नाही. लातूरबाबत सुदैवाने पुरावा आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या 866 मधील लेखात 'लत्तलूरपुरवरेश्वर', म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे बिरुद येते. एकाच शब्दात 'ऊर'ही आहे आणि पुढे वेगळे 'पुर'ही आहे, म्हणजे त्या काळी 'लत्तलूर' हे पूर्ण नाव म्हणूनच रूढ होते. रत्नापूर हे लातूरचे स्थानिक परंपरेतील नाव गोड आहे खरे, पण त्यावरून 'लातूर' सिद्ध होत नाही. माझ्या यादीतील बहुतेक लहान गावांना असा शिलालेखाचा आधार नव्हता, हीच खरी अडचण होती.

मग महसुली दप्तराकडे वळले. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात असल्याने जुनी कागदपत्रे उर्दूत, तीही घसटलेल्या शिकस्त अक्षरांत आहेत. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी मला रोज दुपारी तासभर शिकवले. "बेटा, नुक्ता उडाला की गाव उडाले," असे ते म्हणत; नुक्ता म्हणजे अक्षराचे टिंब. उर्दूत 'ळ' आणि 'ण' ही अक्षरे नाहीत, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे पिंपळगावचे 'पिंपलगाव' होते, आणि 'कोल', 'कौल', 'कूल' यांपैकी नेमके काय वाचायचे ते गावात जाऊन कानाने ऐकल्याशिवाय ठरत नाही. त्यातही दप्तरखान्याची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर; माझे तीन हेलपाटे तर केवळ त्या किल्लीसाठी झाले.

ऐकण्यासाठी म्हणून मी देगलूर तालुक्यातील एका गावी मारुतीच्या पारावर बसले होते. एका आबांनी गावाशेजारच्या टेकडीवर वनवासातील राम कसा थांबला आणि त्यावरून नाव कसे पडले, ते रंगवून सांगितले. मी निघाले तेव्हा सहज म्हणाले, "माय, पण जुनी पांढरी तिकडं नदीकाठाला हाय. नांगराला अजून खापरं लागत्यात." पांढरी म्हणजे गावठाणाची जागा. आम्ही चालत गेलो. काळ्या रानात मध्येच राखट मातीचा पट्टा आणि त्यात बोटाएवढे लाल, काळे तुकडे विखुरलेले होते. टेकडी तिथून चांगली अर्ध्या तासाच्या वाटेवर होती. गावाची मूळ वस्ती नदीवर असेल, तर टेकडीवरून नाव पडण्याचे कारणच उरत नव्हते.

मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमके तेच पान उघडले. "व्युत्पत्ती अनिश्चित असे तुम्हीच लिहिता, मग ही रामाची गोष्ट प्रबंधात कशाला ठेवली?" मी म्हणाले की ही कथा नावाविषयी काही सांगत नसली तरी वस्तीविषयी सांगते, गाव नदीकाठ सोडून टेकडीपाशी आल्यानंतरच ती रचली गेली असणार. त्यांनी समासात पेन्सिलीने एक खूण केली आणि पुढचा प्रश्न बुद्रुक-खुर्दवर विचारला.