उरलेले तीन पाय

तीन पायांवर चालणारा कुत्रा दिसला की लोक आधी हळहळतात आणि तो पळायला लागला की त्याच्या हिमतीचे कौतुक करतात. आमचा शेरू गेली काही वर्षे हे दोन्ही ऐकत आला आहे. मला मात्र या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. कुत्रा तीन पायांवर उभा राहतो तो बव्हंशी शरीररचनेच्या आणि तोलाच्या जोरावर. तो तीन पायांवर टिकतो की नाही, हे घरातल्या माणसांच्या हाती असते. पहिली गोष्ट काही आठवड्यांत होऊन जाते. दुसरी त्याच्या उरलेल्या आयुष्यभर चालू राहते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

शेरू हा इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीतलाच देशी कुत्रा. एका लोडिंग रिक्षाची धडक बसल्यावर त्याचा डावा पुढचा पाय लुळा पडला. हाड मोडलेले नाही हे ऐकून घरात सगळ्यांना हायसे वाटले, पण याहून मोडलेले हाड परवडले असते, असे डॉक्टरांनी सांगितले. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या नसांचे काखेजवळ एक जाळे असते. धडकेने पाय शरीरापासून जोरात ओढला गेला, तर या नसा मणक्यालगत मुळापासून उपटल्या जाऊ शकतात आणि मग त्या पूर्ववत होण्याची आशा जवळजवळ उरत नाही. बोट चिमट्यात जोरात दाबूनही जनावर मान वळवून पाहत नसेल, तर ते वाईट लक्षण समजतात. नस केवळ दुखावली असेल तर सुधारणा दिसू शकते, म्हणून काही आठवडे वाट पाहिली जाते. आम्हीही पाहिली. त्या काळात बधिर पंजा रस्त्यावर घासून सोलवटत राहिला, पट्टी बांधली तरी जखम चिघळत राहिली, आणि पुढे शेरू स्वतःच तो पंजा चावू लागला. जो पाय त्याला जाणवत नव्हता, तोच त्याला दिवसभर अडवत होता.

तरीही "पाय तर दिसतो आहे, मग कापायचा कशाला?" हा बाबांचा प्रश्न बरेच दिवस घरात फिरत होता, आणि कापायचाच असेल तर निदान कोपरापर्यंत तरी ठेवावा, असा आजीचा आग्रह होता. माणसाच्या बाबतीत हा विचार बरोबर ठरतो, कारण उरलेल्या भागावर कृत्रिम पाय बसवायचा असतो. कुत्र्यामांजरांमध्ये मात्र सहसा उलटे करतात. अर्धवट ठेवलेला भाग जमिनीवर टेकवण्याची धडपड प्राणी सोडत नाही, तो आपटून सोलतो आणि कायमची जखम होऊन बसतो. म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्याच्या सपाट हाडासकट काढला जातो आणि मागचा मांडीच्या वरच्या भागातून किंवा खुब्याच्या सांध्यातून. खांद्याचे हाड मागे ठेवले, तर भोवतालचे स्नायू झिजून ते कातडीखाली टोचल्यासारखे वर येते. कृत्रिम पाय बसवण्याचा विचार असेल, तर तो शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावा लागतो. नंतर त्याला टेकायला जागाच उरत नाही. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी गायीगुरांसाठी तयार केलेल्या 'कृष्णा लिंब' या कृत्रिम पायाची ख्याती आमच्याकडेही पोहोचली होती आणि बाबांनी त्याची चौकशी करायलाही सांगितले. पण गुरांची अडचण वेगळी आहे. काहीशे किलोंचे शरीर तीन खुरांवर फार काळ तोलता येत नाही, उरलेले खूर आणि सांधे भाराने खचतात, म्हणून तिथे कृत्रिम पायाला पर्याय नसतो. पंधरावीस किलोंच्या कुत्र्यावर अशी वेळ सहसा येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस बघवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. अर्धे अंग भादरलेले असते, टाक्यांची रेघ लांबलचक असते, त्याभोवती काळेनिळे पडते आणि कधी कधी कातडीखाली पाणी साचून मऊ गाठ येते. शेरू दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीसाठी उठून उभा राहिला; बहुतेक प्राणी साधारण याच सुमारास उठतात, त्यामुळे त्यात नवल मानू नये. त्याच्या छातीखालून टॉवेलची झोळी घालून आम्ही त्याला आधार देत होतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तोवर गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन काढायचा नसतो, मग तो दारांच्या चौकटींना कितीही आपटो.

या दिवसांतला खरा प्रश्न वेदनेचा असतो. पाय कापण्याआधीच त्यातल्या मोठ्या नसा औषधाने बधिर केल्या, तर पुढचे दुखणे आटोक्यात ठेवणे सोपे जाते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे. नसलेला पाय दुखल्याचा अनुभव माणसांना येतो. प्राण्यांना तो येतो की नाही, हे त्यांना विचारता येत नाही. पण झोपेतून एकदम केकाटून उठणे किंवा टाके बरे झाल्यावरही त्या जागेकडे वळून वळून पाहणे व चाटणे असे काही दिसले, तर डॉक्टर नसांच्या वेदनेवर चालणारे गॅबापेंटिन देतात आणि त्याने फरक पडतो. घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही. माणसाची एक गोळीसुद्धा त्याच्या जिवावर बेतू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

चालण्याकडे लक्ष देऊन पाहिले, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. उभ्या कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर असते. म्हणजे पुढचा एक पाय ३० टक्के भार उचलतो आणि मागचा एक २० टक्के. त्यामुळे पुढचा पाय जाणे हे मागचा जाण्यापेक्षा अधिक जड पडते. शेरूने उरलेला पुढचा पाय हळूहळू छातीच्या मध्याखाली आणला आणि प्रत्येक पावलाला डोके वर झटकून पुढचा भार क्षणभर हलका करण्याची लकब धरली. मागचा पाय गेलेला कुत्रा उरलेला मागचा पाय शेपटीच्या रेषेत आणतो, वजन पुढे ढकलतो आणि वळताना शेपटीने तोल सावरतो. धावताना त्याच्यातले उणे पटकन लक्षातही येत नाही. अनेकांना खरे वाटत नाही, पण अशा प्राण्याला सावकाश चालणे पळण्यापेक्षा कठीण जाते, कारण वेगात तोल आपोआप सांभाळला जातो. दोन चाकी सायकल हळू चालवून पाहिली की याचे कारण कळते. शेरूला साखळी लावून आजीच्या चालीने फिरवले, तर तो लवकर थकतो. त्यामुळे एका लांब फेरीऐवजी दिवसातून तीनचार छोट्या फेऱ्या आणि मध्ये बसायला मुभा, ही रीत आम्ही धरली. मे महिन्यात गल्लीतले सिमेंट नऊ वाजताच तापते, म्हणून त्या दिवसांत सकाळची फेरी उजाडताच उरकावी लागते.

पायऱ्यांचेही असेच आहे. पुढचा पाय नसलेल्याला उतरणे अवघड, मागचा नसलेल्याला चढणे अवघड. शेरू गच्चीवर धावत जातो आणि उतरताना वरच्या पायरीवर उभा राहून कोणीतरी येण्याची वाट पाहतो. त्याला हार्नेस घालून आधार देत खाली आणावे लागते.

मात्र या सगळ्याहून महत्त्वाची ठरली ती घरातली फरशी. माळव्यातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याकडे कोटा स्टोन आहे, आणि वर्षानुवर्षे पुसून तो आरशासारखा गुळगुळीत झाला आहे. चार पायांच्या कुत्र्याचा एक पाय घसरला तरी तीन शिल्लक असतात. तीन पायांच्या कुत्र्याचा एकुलता एक पुढचा पाय घसरला, तर तो थेट हनुवटीवर आपटतो. असे दोनतीनदा झाले की तो त्या खोलीत यायचेच टाळतो, आणि घरातले म्हणतात की पाय गेल्यापासून हा उदास झाला आहे. आमच्याकडे अगदी हेच म्हटले जाऊ लागले होते. त्याच्या पाण्यापासून अंथरुणापर्यंत आणि अंथरुणापासून दारापर्यंत रबराच्या चटया टाकल्या, त्यावर जिथे शक्य तिथे खालून न सरकणारी सतरंजी घातली, आणि ती उदासी आठवड्याभरात ओसरली. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस कापणे आणि नखे आखूड ठेवणे यांचा उपयोगही तितकाच होतो, कारण लांब नखांमुळे गादी जमिनीला नीट टेकत नाही.

आता वजनाविषयी, आणि इथे मला आमच्या शहराला थोडा दोष द्यावासा वाटतो. इंदुरात दया खाऊ घालून व्यक्त होते. रविवारी सकाळी पोहे-जिलेबीचा पुडा घेऊन आलेला प्रत्येक पाहुणा "बिचाऱ्याला एक देऊ द्या हो" म्हणत अर्धी जिलेबी शेरूपुढे टाकतो. समोरच्या काकू तूप लावलेली पोळी आणतात. शेवेचा बकाणा तर कोणी मोजतही नाही. चार पायांच्या कुत्र्याचे वाढलेले दोन किलो चार पायांच्या सांध्यांत वाटले जातात, इथे ते तीनच पायांच्या सांध्यांच्या वाट्याला येतात. अमेरिकन पशुवैद्यकीय संघाच्या नियतकालिकात २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाय काढलेल्या ६४ कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५६ जणांनी कुत्र्याचे जीवनमान पूर्ववत किंवा जवळजवळ पूर्ववत झाल्याचे सांगितले, आणि ५० जणांच्या मते कुत्र्याने अपेक्षेपेक्षा चांगले जुळवून घेतले. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळी ज्या कुत्र्यांचे वजन आणि अंगावरची चरबी जास्त होती, त्यांचे पुढचे दिवस तुलनेने कमी चांगले गेले. मी हा अभ्यास काकूंना सांगितला. त्यांनी पोळी आणणे थांबवले नाही, पण तूप लावणे सोडले, आणि मी त्या पोळीचा हिशेब संध्याकाळच्या जेवणातून वजा करते. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना उठून दिसू नयेत, हा अंदाज पुरेसा आहे. जुन्या वजनाशी तुलना करताना गेलेल्या पायाचे वजन वजा करायचे असते, हे बरेच जण विसरतात.

मांजरांना हे सारे तुलनेने सोपे जाते, कारण त्यांचे शरीर हलके आणि लवचीक असते. राजेंद्र नगरातल्या माझ्या मावशीच्या मांजरीचा मागचा पाय काढावा लागला. ती काही दिवसांतच घरभर फिरू लागली. उडीचा जोर मागच्या पायांतून येतो, म्हणून तिला ओट्यावर पोहोचायला मध्ये एक स्टूल ठेवले. तिच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेचा काठ एका बाजूने कापून ठेंगणा केला. एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. त्या बाजूच्या कानाला खाज आली की ती मान वाकडी करते, खुब्याचे स्नायू भराभर हलतात, आणि कानापर्यंत काहीच पोहोचत नाही. तेवढा कान मावशीने खाजवायचा असतो. त्याच कारणाने त्या कानात मळ आणि माइट नावाचे बारीक किडे अधिक साचतात, म्हणून तो अधूनमधून तपासावा लागतो.

कर्करोगामुळे पाय काढावा लागतो, तेव्हा हिशेब वेगळा असतो. आमच्या गल्लीतल्या लॅब्राडोरला, ब्रुनोला, मागच्या पायात गुडघ्याच्या वर ऑस्टिओसार्कोमा झाला होता. या हाडाच्या कर्करोगात केवळ पाय काढला, तर निम्मे कुत्रे साधारण चार-पाच महिन्यांपलीकडे जात नाहीत. सोबत केमोथेरपी दिली, तर हा काळ दहा महिने ते वर्षापर्यंत लांबतो. मग एवढ्यासाठी पाय का काढायचा, हे त्याच्या मालकांना पुष्कळांनी विचारले. गाठीने पोखरलेले हाड अतिशय दुखते, सहज मोडते आणि मोडले की जुळत नाही, हे त्याचे उत्तर आहे. पाय काढल्यावर ते दुखणे त्याच दिवशी संपते. ब्रुनोच्या बाबतीत मला तो निर्णय योग्य वाटला. मधले महिने तो दारात येणाऱ्या प्रत्येकावर भुंकत, अगदी पूर्वीसारखाच जगला.

शेरूची पंचाईत आता वेगळी आहे. त्याचे वय वाढते आहे आणि उरलेल्या पुढच्या पायाचे मनगट दर वर्षी थोडे अधिक खाली झुकते. तपासताना डॉक्टर पूर्वी गेलेल्या पायाची जागा पाहत असत, आता ते ती पाहतही नाहीत. मनगट, कोपर, दोन्ही गुडघे आणि पाठ चाचपतात. त्यामुळे कोणी पाळीव प्राण्याचा पाय काढण्याआधी आमच्याकडे विचारायला आले, तर मी आधी त्यांच्या घरातली फरशी कसली आहे, जिना किती उंच आहे आणि प्राण्याचे वजन किती आहे, ते विचारते. आणि उरलेल्या तीन पायांचे व खुब्यांचे एक्स-रे काढले आहेत का, तेही. एखादा लठ्ठ, खुब्यात संधिवात असलेला कुत्रा असेल आणि शस्त्रक्रिया कर्करोगासारखी निकडीची नसेल, तर आधी महिनाभर वजन उतरवायला अवधी मिळेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. आणि चटया शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच अंथरून ठेवाव्यात.