बँटिंगच्या वर्गातला बेथ्यून आणि सोलापूरचे आजोबा

टोरांटोच्या एका रुग्णालयात मी लहान मुलांच्या डायबिटीस विभागात नर्स आहे. टाइप 1 डायबिटीस झालेलं मूल आयसीयूतून वॉर्डात आलं की त्याच्या घरच्यांना शिकवायचं काम माझ्याकडे येतं. बोटाला टोचून साखर कशी बघायची, इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, साखर एकदम उतरली तर आधी काय द्यायचं, पोळीत कार्बोहायड्रेट किती आणि मूठभर भातात किती. तमिळ, पंजाबी, चिनी कुटुंबं रोजच येतात. मराठी घर क्वचित येतं, आणि आलं की मला मुद्दाम बोलावून घेतात.

त्या दिवशी आठ वर्षांची मुलगी होती. आईवडील पुण्याहून ब्रॅम्प्टनला आलेले, आजीआजोबा सोलापूरचे, नातीकडे राहायला आलेले. महिनाभर पोरगी सारखं पाणी पीत होती, रात्री अंथरूण ओलं करत होती, वाळत चालली होती. घरच्यांना वाटलं, नवी शाळा, नवी हवा, होईल सवय. मग उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरात चालायला लागला, तेव्हा इमर्जन्सीत आणलं. साखर 31. हे इथलं माप. भारतात सांगतात तसं सांगायचं तर अठराने गुणायचं, म्हणजे 558. रक्तात आम्ल साठलेलं. दोन दिवस सलाईन आणि शिरेतून इन्सुलिन चाललं, आणि पोरगी उठून बसली, खायला मागायला लागली.

अडचण आजोबांची होती. निवृत्त शिक्षक, शाळेत विज्ञान शिकवलेले, स्पष्ट बोलणारे. म्हणाले, "सिस्टर, जीव वाचवलात, उपकार झाले. पण ही सुई एकदा लागली की सुटत नाही. आमच्या घराण्यात कुणाला शुगर नाही. पोरीला दोन महिने आमच्या हवाली करा. कडक पथ्य, मेथ्या, कारल्याचा रस. नाही उतरली तर मग बघू."

मुलीची आई खाली मान घालून बसली होती. नवरा खिडकीतून बाहेर बघत होता. आपल्याकडची घरं मला माहीत आहेत, मी बार्शीची. वडीलधाऱ्या माणसाचं मन वळलं नाही, तर आम्ही दिलेला तक्ता फ्रिजवर लागतो आणि पेन फ्रिजच्या आत पडून राहतं. या मुलीचं स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नव्हतं. तिच्याच शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्या पेशी मारून टाकल्या होत्या. तिथे कारलं काय करणार? चार दिवस डोस चुकले असते तर ती पुन्हा त्याच आयसीयूत आली असती, आणि दुसऱ्या वेळी वेळेवर आली असती याची हमी कोण देणार?

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आजोबा, तुम्ही म्हणताय तो प्रयोग झालेला आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा कडक पथ्य पाळून झालेला आहे."

इन्सुलिन येण्याच्या आधी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर डायबिटीसच्या मुलांना उपासावर ठेवत. अन्न इतकं कमी की जीव कसाबसा तग धरेल. मुलं काही महिने, कधी दोन-तीन वर्षं जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. पैसा, डॉक्टर, देखरेख, कशाचीच कमी नव्हती. 1922 च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोत आली तेव्हा पंधरा वर्षांची होत होती आणि वजन होतं 45 पौंड, म्हणजे वीस किलो. इथे इन्सुलिन सुरू झालं. त्यानंतर तिने आईला लिहिलेली पत्रं टोरांटो विद्यापीठाच्या फिशर ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. पानंच्या पानं खाण्याबद्दल: आज काय खाल्लं, किती खाल्लं, पाव खाऊन कशी वर्षं लोटली होती. ही मुलगी 1981 पर्यंत जगली. लग्न केलं, मुलंबाळं झाली.

मी त्यांना टॅबलेटवर त्या काळातल्या मुलांचे इन्सुलिनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. आधीच्या फोटोतल्या फासळ्या बघून आजींनी तोंडाला पदर लावला. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग विचारलं, "हे शोधलं कुणी? तपशिलात सांगा. मी विज्ञान शिकवलंय."

ते सांगायला मला मनापासून आवडतं, कारण ज्या विद्यापीठात हे घडलं ते आमच्या वॉर्डपासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि ज्यांनी घडवलं त्यातले बहुतेक तिथेच शिकलेले. टोरांटो विद्यापीठाच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांत पंतप्रधान लेस्टर पिअरसन आहेत, लेखिका मार्गारेट ॲटवुड आहेत, मुंबईहून येऊन बँकेत नोकरी करता करता इथे शिकलेले रोहिंटन मिस्त्री आहेत. मला विचाराल तर या सगळ्यांत वरचं नाव 1916 साली बाहेर पडलेल्या एका साधारण विद्यार्थ्याचं लावावं लागेल.

फ्रेडरिक बँटिंग शेतकऱ्याचा मुलगा. आधी कला शाखेत गेला, पहिल्याच वर्षी आपटला, मग मेडिकलला आला. पहिल्या महायुद्धासाठी डॉक्टर हवे होते म्हणून त्यांचा अभ्यासक्रम घाईने उरकला आणि 1916 च्या डिसेंबरमध्ये डिग्री देऊन पाठवणी झाली. फ्रान्समध्ये हाताला जखम झाली, शौर्यपदक मिळालं. परत आल्यावर लंडन नावाच्या ऑन्टारिओतल्याच गावात दवाखाना टाकला, तो चालेना. 1920 च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्री स्वादुपिंडावरचा लेख वाचून त्याला कल्पना सुचली, आणि ती घेऊन तो आपल्या जुन्या विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे आला. मॅक्लाउड यांना फारसा भरवसा नव्हता, तरी 1921 च्या उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा दिली, कुत्री दिली, आणि मदतीला एक विद्यार्थी. विद्यार्थी दोन होते. आधी कोणी यायचं यासाठी त्यांनी नाणं उडवलं आणि चार्ल्स बेस्टचा नंबर लागला. बेस्ट बावीस वर्षांचा, नुकतीच बी.ए.ची परीक्षा दिलेला.

पलंगावरून आवाज आला, "कुत्र्यांना नावं होती का?"

पोरगी सगळं ऐकत होती. मी म्हटलं, एकीचं नाव मार्जोरी होतं. स्वादुपिंड काढून टाकल्यावर कुत्रं थोड्याच दिवसांत मरतं, पण मार्जोरी बँटिंग-बेस्टनी स्वादुपिंडापासून काढलेल्या अर्कावर सत्तर दिवस जगली. "आणि मग?" तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं. मुलांना खोटं सांगितलं की ती पुढचं काहीच ऐकत नाहीत.

आजोबांना मात्र रस होता पुढच्या भागात, आणि तोच भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत गाळलेला असतो. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. वजन 65 पौंड, मरणाच्या दारात. ते इंजेक्शन जवळपास वाया गेलं. साखर थोडीशी उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झालं. अर्कात कचरा फार होता. तो साफ केला जेम्स कॉलिप यांनी. तेही टोरांटोचेच, 1916 साली इथूनच पीएच.डी. झालेले. त्यांनी अर्कात अल्कोहोलचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. एका टप्प्यावर नको असलेली प्रथिनं खाली बसत आणि इन्सुलिन द्रावणात राही. मग प्रमाण आणखी वाढवून नव्वद टक्क्यांच्या जरा पुढे नेलं की इन्सुलिनच खाली बसे. 23 जानेवारीला त्याच मुलाला कॉलिप यांचा अर्क टोचला आणि साखर उतरली, लघवीतलं आम्ल गेलं, पोरगा उजळला. आपण शाळेत "बँटिंग आणि बेस्ट" एवढंच पाठ केलं, याची मला खंत आहे. कॉलिप नसते तर तो मुलगा वाचला नसता.

"पहिलं फेल गेलं, आणि बारा दिवसांत दुसरं!" आजोबा म्हणाले. त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता.

1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगने आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला दिली, मॅक्लाउड यांनी कॉलिपना. त्यांच्यात भांडणंही खूप झाली, पण पेटंटच्या बाबतीत एकमत होतं: बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. लहान मुलांवर हे औषध कसं चालवायचं ते बसवलं डॉ. ग्लॅडिस बॉइड यांनी. 1918 साली याच विद्यापीठातून डॉक्टर झालेली बाई. त्यांचं नाव घेतल्याशिवाय मी ही गोष्ट पुरी करत नाही, कारण मी आज जे शिकवते त्याची सुरुवात त्यांच्या वॉर्डात झाली.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "1916 ची बॅच. त्याच्या वर्गात आणखी कोण होतं हो?" मास्तर माणसाचाच प्रश्न हा. वर्गाबद्दल विचारणार.

मी म्हटलं, "एक नाव तुम्हाला ठाऊक असेल. नॉर्मन बेथ्यून."

आजोबा उठून उभे राहिले. "कोटणीसांचे बेथ्यून?"

सोलापूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. भैय्या चौकातलं त्यांचं घर आज स्मारक आहे. 1938 साली जपानने चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं, त्यात ते होते. बेथ्यून त्याच युद्धात चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. ऑपरेशन करताना बोट कापलं, विष रक्तात भिनलं आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी ते गेले. दोघांची भेट झालीच नाही. पण बेथ्यून यांच्या नावाने जे रुग्णालय उभं राहिलं, त्याचे प्रमुख 1941 मध्ये कोटणीस झाले, आणि 1942 च्या डिसेंबरमध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. बेथ्यूनही पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परत आले होते आणि 1916 च्या त्याच डिसेंबरमध्ये बँटिंगबरोबर डॉक्टर झाले होते.

"आमच्या शाळेत दर वर्षी मी कोटणीसांवर भाषण करायचो," आजोबा म्हणाले. "बेथ्यून कुठे शिकले ते कधी बघितलंच नाही."

दुपारच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन गेले. कॉलेज स्ट्रीट आणि युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर टोरांटो जनरलची जुनी इमारत उभी आहे, जिथे थॉम्प्सनला ती इंजेक्शनं दिली. आता ती मार्स नावाच्या संशोधन संकुलात सामावली आहे. तिथून किंग्ज कॉलेज सर्कलला. बँटिंग आणि बेस्टची प्रयोगशाळा असलेली इमारत पाडून तिथे मेडिकल सायन्सेस बिल्डिंग बांधली आहे, आणि तिच्या बाहेर 2014 पासून बेथ्यून यांचा पुतळा आहे. आजोबांनी चपला काढल्या. थंडी होती, फरशी गार होती, मी नको म्हणत होते. त्यांनी वाकून हात जोडले, फोटो काढायला सांगितला, आणि तिथल्या तिथे सोलापूरच्या एका जुन्या सहकाऱ्याला पाठवून दिला.

परत येताना त्यांनी मला इन्सुलिनबद्दल खोदखोदून विचारलं. बैलाच्या स्वादुपिंडापासून आता कुठवर आलंय, चोवीस तासांचं वेगळं आणि जेवणाआधीचं वेगळं का, सोलापूरच्या उन्हाळ्यात पेन कसं ठेवायचं. सुई कायमची का, हेही विचारलं, आणि या वेळी उत्तर पुरतं ऐकून घेतलं. मी कोणतीही आशा लावली नाही. म्हटलं, "कायमचीच आहे, आजोबा. पण हिच्या पानातलं काही कायमचं उठणार नाही."

संध्याकाळच्या जेवणाआधी त्यांनी पेन मागितलं. नवी सुई फिरवून बसवली. पेन उभं धरून दोन युनिट हवेत सोडली, टोकाशी थेंब आला का ते चष्म्याआडून पाहिलं. मग डोसाचा आकडा लावला आणि मुलीच्या आईकडून तपासून घेतला. हे मी सांगितलं नव्हतं. दोघांनी आकडा बघायचा हा नियम त्यांनी स्वतःच घातला. पोरीच्या मांडीची कातडी हलकी चिमटीत धरली, सुई आत गेली, बटण दाबून धरलं आणि दहापर्यंत मोठ्याने मोजलं. पोरगीही त्यांच्याबरोबर मोजत होती. तिचे वडील खिडकीपासून येऊन पलंगाशी उभे राहिले होते.

आजींचे प्रश्न तोवर मागेच राहिले होते. त्यांनी पर्समधून कागद काढला: पोळी, भाकरी, साबुदाण्याची खिचडी, शिकरण. भाकरी थापून झाली की वजन करायचं की पीठ मोजायचं? मी म्हटलं, सुरुवातीला पीठ मोजा, ते चुकत नाही. साबुदाण्याला त्यांना वाटत होतं त्याच्या दुप्पट युनिट लागणार होती, त्यावर बराच वेळ वाद झाला. मग आम्ही शाळेच्या फॉर्मकडे वळलो: डब्यात काय, डोस कोण बघणार, खेळाच्या तासाआधी साखर किती असायला हवी.