एका डासाचा एक पाय

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. तळं म्हणायचं, पण पाणी दिसतच नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती जलपर्णी. मैत्रीण कीटकतज्ज्ञ, मी तिचा हमाल. सापळे, बॅटऱ्या आणि सुक्या बर्फाची पेटी मीच वाहिली. त्या बर्फातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि डासांना वाटतं, इथे कुणीतरी श्वास घेतंय. माझ्या घोट्यांना मात्र सापळे टांगायच्या आधीच गिऱ्हाईक लागलं. अंड्यांसाठी रक्त पिते ती मादीच, हे ठाऊक असूनही शिव्या मी पुल्लिंगीच दिल्या.

पहाटे तंबूच्या जाळीला आतून एक डास चिकटलेला दिसला. पोट टम्म, लालभडक. मी हात उगारला तेवढ्यात बाहेरून मैत्रीण ओरडली, "मारू नकोस!" नळीत धरून तिने तो लगेच गोठवला; नाहीतर पोटातलं रक्त एक-दोन दिवसांत पचून जातं. डास ओळखायचा तो पंखांवरच्या, पायांवरच्या खवल्यांवरून. हिचे रात्रभर जाळीवर आपटून झडलेले. वहीत डासाच्या प्रजातीची नोंद झाली: 'क्युलेक्स?'

प्रयोगशाळेत चिमट्याने एक पाय तोडला. डीएनएसाठी तेवढा पुरतो. मग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राने, सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाढवायचा, वाचायचा आणि 'बोल्ड' या डीएनए बारकोडांच्या संग्रहाशी ताडून पाहायचा. प्राण्यांच्या जाती ओळखायचा बारकोड म्हणून हा तुकडा २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने सुचवला. सगळीकडे तो चालतो असं नाही. मलेरिया पसरवणारे अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए आणि कोलुझी हे सख्खे शेजारी त्याने वेगळे करता येत नाहीत.

आमचं उत्तर आलं: मॅन्सोनिया युनिफॉर्मिस. क्युलेक्स नव्हेच! हिच्या अळ्या श्वासाची नळी पाणवनस्पतींच्या मुळांत खुपसून तिथूनच हवा घेतात, वर येतच नाहीत. म्हणजे पाण्यावर तेल टाकून त्या गुदमरायच्या नाहीत. आणि मी त्याच जलपर्णीच्या काठाशी तंबू ठोकला होता.

पोटातलं रक्त कुणाचं, याची वेगळी चाचणी झाली, सायटोक्रोम बी या दुसऱ्या जनुकावर. माणसाचं. "माझंच!" मी म्हणालो. मैत्रीण हसली नाही. माणसाचं आलं की आधी आपल्याच हातांवर संशय घ्यायचा, म्हणून सोबत डीएनए न घातलेली एक नळी चालवतात. तिने ती तपासली. कोरी निघाली.

तंबूत त्या रात्री मी एकटाच झोपलो होतो.