मुलीला इन्हेलर जवळ ठेवण्याची परवानगी मिळवताना
माझ्या मुलीला दमा आहे. धावपळ झाली, धूळ उडाली किंवा सर्दी झाली की तिची छाती भरून येते. अशा वेळी सालबुटामॉलचा इन्हेलर घेतल्यावर श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल पडतात, पण त्यासाठी तो हाताशी असावा लागतो. शाळेच्या नियमाप्रमाणे मात्र विद्यार्थ्यांची सगळी औषधे वरच्या मजल्यावरील कार्यालयात, कुलूपबंद कपाटात ठेवली जात. धाप लागलेल्या मुलीने मैदानावरून जिने चढून औषध मागायला जावे, हे मला कोणत्याही अंगाने पटत नव्हते.

मुख्याध्यापिकांची शंका रास्त होती. औषध दुसऱ्या मुलाच्या हाती लागले किंवा हिने गरज नसताना घेतले, तर जबाबदार कोण? या प्रश्नाला तोंडी आश्वासन पुरणार नव्हते, म्हणून मी डॉक्टरांकडून उपचारांचा लेखी आराखडा घेतला. किती पफ घ्यायचे, दोन पफमध्ये किती थांबायचे, एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसू लागले किंवा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली तर कोणाची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवायची, हे सारे त्यात होते. ती स्वतः औषध घेऊ शकते, असेही त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिले. सोबत आम्हा पालकांचे संमतीपत्र जोडले.

तरीही निर्णय अडलेलाच होता. तो सुटला तिच्या प्रात्यक्षिकाने. तिने टोपण काढले, इन्हेलर हलवून स्पेसरला, म्हणजे औषध नीट आत जावे म्हणून वापरायच्या पोकळ नळीला, जोडला, श्वास पूर्ण सोडला, मग पफ दाबून औषध सावकाश आत ओढले आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखला. मैत्रिणीने मागितला तर काय करशील, असे वर्गशिक्षिकांनी विचारताच ती म्हणाली, ‘‘देणार नाही, बाई. तुम्हाला बोलावीन.’’ माझ्या मते परवानगीची खरी कसोटी हीच असावी. केवळ वयावरून मुलाची समज ठरत नाही.

शाळेने अटी घातल्या आणि त्या मला योग्य वाटल्या. नाव लिहिलेला इन्हेलर कमरेच्या पाकिटात, एक जादा कार्यालयात, आणि औषध घेतल्यावर लगेच शिक्षकांना सांगून वहीत नोंद. या वहीचा सर्वाधिक उपयोग मलाच होतो, कारण हे औषध आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागू लागले, तर दमा आटोक्यात नाही असे समजून डॉक्टरांना गाठावे लागते. दमा आटोक्यात ठेवणारा रोजचा इन्हेलर ती घरीच घेते, त्यामुळे त्याचा भार शाळेवर नाही.

परवानगी एका शैक्षणिक वर्षापुरती असते. सध्याच्या पत्रात सहलीचा उल्लेख नाही, म्हणून नव्या अर्जात सहल आणि क्रीडास्पर्धा या दोन्हींचा समावेश करण्याची विनंती मी केली आहे.