एटीकेटी, वायडी आणि स्कॉलरशिप: नक्की कुठे काय थांबतं

निकाल लागतो, दोन विषय राहतात, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या नेट कॅफेत कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, "आता स्कॉलरशिप बंद." पोरगं घाबरून त्या वर्षीचा फॉर्मच भरत नाही. खरं नुकसान तिथं होतं, त्या दोन विषयांमुळे नाही.

गोंधळाचं कारण साधं आहे. वेगवेगळ्या खात्यांच्या, वेगवेगळ्या अटींच्या योजनांना आपण सरसकट 'स्कॉलरशिप' म्हणतो. मित्राची बंद झाली म्हणून तुमची बंद होईलच असं नाही, आणि त्याची चालू राहिली म्हणून तुमची राहील असंही नाही. निकाल हातात आला की आधी आपल्या योजनेचं पूर्ण नाव बघा. नंतर तीन गोष्टी तपासा: पुढच्या वर्गात प्रवेश मिळतोय का, हजेरी किती भरली, आणि परीक्षेला बसला होता का. टक्केवारीचा नंबर बहुतेक राज्य योजनांत यांच्यानंतर लागतो.

एटीकेटी म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाणं, वर्ष वाया नव्हे. विषय राहूनही कॉलेज पुढच्या वर्गात घेत असेल तर शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवण्यासाठी, म्हणजे नूतनीकरणासाठी, तुम्ही वर चढलेले आहात. किती विषय राहिले तर वर घेतात हे कॉलेजच्या परीक्षा नियमावर ठरतं. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आणि आपल्याकडची स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजं यांचे नियम एक नाहीत, म्हणून शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा हिशेब इथं लावू नका.

वायडी लागली, म्हणजे पुढच्या वर्गात प्रवेशच मिळाला नाही, की फरक पडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत नापास झालेल्या वर्षीही सगळं बंद होत नाही. त्या वर्षाची परीक्षा फी आणि निर्वाह भत्ता मिळतो, आणि वरच्या वर्गात गेलात की पूर्ण लाभ पुन्हा सुरू होतो. हे माहीत नसल्यामुळे हक्काचा भत्ता सोडून देणारे कमी नाहीत. याच योजनेत दुसरी एक अट अडकवते. बिगरव्यावसायिक कोर्समधून व्यावसायिक कोर्सला जाता येतं, उलटं नाही. म्हणजे इंजिनिअरिंग जमत नाही म्हणून सोडून साध्या बीएला आलात, तर बीएसाठी या शिष्यवृत्तीवर भरवसा ठेवू नका. कोर्स बदलण्याआधीच कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात विचारा, बदलल्यावर नाही.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे आपण जिला 'ईबीसी' म्हणतो ती, वेगळी चालते. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. तंत्रशिक्षणाच्या कोर्सना आधीच्या सेमिस्टरची किमान ५० टक्के हजेरी लागते, प्रत्येक सेमिस्टरच्या परीक्षेला बसलेलं असावं लागतं, आणि कोर्सच्या काळात २ किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. 'पेपर अवघड जाणार, यंदा बसतच नाही' हा सल्ला म्हणून महागात पडतो. परीक्षेला बसून नापास होणं आणि न बसणं, या दोन गोष्टी इथं सारख्या नाहीत.

केंद्राच्या पुढच्या दोन योजना मात्र गुण किंवा बढती बघतात. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची कॉलेज विद्यार्थ्यांची केंद्रीय शिष्यवृत्ती, पदवीला वर्षाला १२ हजारांची, चालू राहायला दर वर्षी किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, तिच्या मुलींसाठीच्या 'प्रगती' योजनेत वर्षाला ५० हजार मिळतात, पण पुढच्या वर्षात बढती मिळाली नाही तर शिष्यवृत्ती गेली. नूतनीकरणाला मार्कशीटबरोबर संस्थाप्रमुखांच्या सहीचं बढतीचं प्रमाणपत्र लागतं. निकाल आल्या आल्या ते मागून घ्या. शेवटच्या आठवड्यात साहेब रजेवर असतात, हा अलिखित नियम आहे.

आता त्या ५० टक्क्यांचा हिशेब. मार्कशीटवर सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी श्रेणीगुण, असतो आणि पोरं सरळ दहाने गुणतात. ५.५ म्हणजे ५५ टक्के, झालं काम! पण अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांत एआयसीटीईचं सूत्र चालतं: सीजीपीएमधून ०.७५ वजा करायचे आणि मग दहाने गुणायचं. त्या सूत्राने ५.५ चे होतात ४७.५ टक्के, आणि ५० टक्क्यांसाठी ५.७५ लागतात. मार्कशीटच्या मागे किंवा तळाशी आपल्या संस्थेचं सूत्र बहुधा छापलेलं असतं, तेच वापरा. फॉर्ममध्ये ५५ आणि कागदावर ४७.५ दिसलं की अर्ज परत येणार, किंवा सरळ नामंजूर होणार.

हजेरीचा हिशेबही सेमिस्टर संपल्यावर करून उपयोग नाही. समजा एका विषयाचे ८० तास आहेत. ७५ टक्क्यांसाठी ६० हवेत. ५० तास झाले तेव्हा तुमचे ३० भरले असतील, तर उरलेले ३० च्या ३० बसलात तरच काठावर ६० होतात. त्यानंतर एकही तास बुडवायची सोय नाही. म्हणून अर्ध्या सेमिस्टरलाच हजेरीपत्रकात डोकावा.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर येते. २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद होता. शिरोळ, करवीरच्या गावांतून येणाऱ्यांचे तास बुडतात आणि शहरात कॉलेज चालू असतं. रस्ता उघडला की लगेच विभागप्रमुखांकडे तारखांसह अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आजारपणाचं सर्टिफिकेट, युवा महोत्सव, मैदानी स्पर्धा, एनएसएस शिबिर, सगळ्याचं तसंच. डिसेंबरात दिलेला ऑगस्टचा अर्ज कुणी मनावर घेत नाही.

राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज जिथं भरतात त्या महाडीबीटी पोर्टलवर सगळ्यात जास्त घोळ प्रोफाइलच्या 'सध्याचा कोर्स' या भागात होतो. नापास झालेलं वर्ष लपवायला काही जण ते गाळतात किंवा सरळ 'गॅप' दाखवतात. कॉलेजात प्रवेश घेऊन तोच वर्ग पुन्हा केला असेल तर तो गॅप नाही, ते वर्ष निकालासकट भरायचं. प्रवेशच न घेता नुसते राहिलेले विषय दिले असतील तर मात्र तो खंड आहे. हे उलटसुलट झालं की प्रवेशाचं वर्ष, सध्याचा वर्ग आणि मार्कशीट यांचा मेळ बसत नाही आणि कॉलेजच्या पातळीवरच अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. आपोआप काही होत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी लॉगिन करून स्थिती बघा.

पहिल्या वर्षीचा अर्ज मंजूर असेल तर दुसऱ्या वर्षी नवा भरू नका, नूतनीकरणच करा. उत्पन्नाच्या दाखल्यावर खाली छापलेली वैधतेची तारीख बघा. आधार बँकेशी जोडलेलं आहे का हेही आताच तपासा.

अर्ज अडकला तर पहिली पायरी कॉलेजचा शिष्यवृत्ती विभाग. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी त्यानंतर समाजकल्याण सहायक आयुक्त, साध्या पदवीच्या ईबीसीसाठी उच्च शिक्षण सहसंचालक, ही दोन्ही कार्यालयं कोल्हापुरातच आहेत. इंजिनिअरिंग-डिप्लोमावाल्यांचं विभागीय कार्यालय मात्र पुण्याला. तिकडे जाण्याआधी अर्ज क्रमांक, परत आल्याच्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट आणि सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट एका फायलीत ठेवा. नुसतं "साहेब, स्कॉलरशिप आली नाही" म्हणालात तर उत्तर ठरलेलं आहे: अर्ज क्रमांक घेऊन या.