आमचे वकीलकाका

स्मरणिका समितीचा निरोप आला, "आवडत्या शिक्षकांविषयी लिहा." मी ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते शिक्षक नव्हते. शाळेच्या मस्टरवर त्यांचे नाव कधी लागले नाही. शाळा समितीवर ते बरीच वर्षे होते, पण समितीच्या फोटोत शोधायला जाल तर मागच्या रांगेत कुणाच्या तरी फेट्याआड अर्धे झाकलेले सापडतील. गावात त्यांना सगळेच वकीलकाका म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसेसुद्धा. इथेही तेवढेच नाव पुरे.

आपला खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा खाऱ्या जमिनीचा पट्टा, भातासाठी जितका प्रसिद्ध तितकाच भांडणांसाठी. बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी शिरले की पीक जाते एका मोसमाचे, आणि दोष कुणाचा यावरून बोलणे बंद होते दोन पिढ्यांचे. त्यात जमीन कसणारे कूळ आणि जमीनदार खोत हा जुना तिढा. चरीचा संप आपल्याकडे आजीच्या तोंडून ऐकला नाही असे घर विरळा. 1933 ते 1939 अशी सहा वर्षे, नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून, अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या आणि स्वतः अर्धपोटी राहिले. पुढे 1948 चा कूळकायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 रोजी जमीन कसणारे कूळ हेच मालक, असे कायद्याने मानले. पण मानले म्हणजे सातबाऱ्यावर चढले असे नव्हे. आधी कलम 32-ग ची चौकशी, मग आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान ठरणारी किंमत, तिचे हप्ते, आणि सगळे फिटल्यावर 32-म चा खरेदीचा दाखला. हप्ते फेडून दाखला आणायचाच राहून गेलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या लेखी पावती म्हणजेच जमीन. वकीलकाकांची निम्मी वकिली या राहिलेल्या दाखल्यांची. फी बहुधा तांदूळ, कधी तळ्यातला जिताडा. एकदा विरुद्ध बाजूच्या माणसानेही एक जिताडा ओटीवर आणून ठेवला, तेव्हा काकांनी तो संध्याकाळच्या एसटीने, कंडक्टरच्या हवाली करून, परत पाठवला. मासा चांगला होता याचे दुःख मात्र ते पुढे कित्येक दिवस बोलून दाखवत.

शाळेच्या मैदानाची गोष्ट आजच्या मुलांना ठाऊक नसेल. मैदानाची जागा एका दानशूर गृहस्थांनी शाळेला तोंडी दिली होती. त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, म्हणून कुणी कागद केला नाही. ते गेले आणि वारसांनी जागा मागितली. कायद्याने त्यांची बाजू लंगडी नव्हती, कारण स्थावर मिळकतीचे बक्षीसपत्र नोंदणीकृत लागते, तोंडी चालत नाही. समितीतल्या एकाने सुचवले की शाळेचा ताबा बारा वर्षांहून जुना आहे, प्रतिकूल कब्जा सांगून दावा लढवू, जिंकू. काका म्हणाले, "जिंकू कदाचित. पण प्रतिकूल कब्जा सांगायचा म्हणजे कोर्टात लिहून द्यावे लागेल की आम्ही ही जागा मालकाच्या हक्काविरुद्ध दाबून बसलो होतो. ज्याने प्रेमाने दिली त्याच्याबद्दल शाळेने हे लिहून द्यायचे?" त्यावर कुणी बोलले नाही. मग तो सबंध पावसाळा काका वारसांच्या ओटीवर जाऊन बसत. कधी मैदानाविषयी बोलत, बऱ्याचदा नाहीच. दिवाळीनंतर त्याच वारसांनी अलिबागला जाऊन रीतसर दस्त नोंदवून दिला. माझ्या मते वकील म्हणून त्यांचे सगळ्यात मोठे काम हेच, आणि त्याला कोर्टात नंबरसुद्धा पडला नाही.

आम्ही नववीत होतो तेव्हा शनिवारचा एक तास मुख्याध्यापकांनी त्यांना दिला. कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन तीन-चार वर्षे झाली होती, तरी काका फळ्यावर सवयीने "जि. कुलाबा" लिहीत आणि मग डस्टर शोधत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितले, घरचा सातबारा घेऊन या. पुढच्या शनिवारी निम्म्या मुलांचे हात रिकामे. घरच्यांनी विचारले होते, "पोरांना आत्तापासून वाटण्या शिकवतोय का वकील?"

ज्यांनी आणले त्यांचे उतारे बाकांवरून फिरले. वर नमुना सात, खाली नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये तिच्यात पिकते काय. पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारा तुकडा, आकार म्हणजे सरकारी सारा. "इतर हक्क" हा रकाना सगळे सोडून देतात, तो आधी वाचा, असे ते बजावून सांगत. कर्जाचा बोजा तिथे, विहिरीचा हिस्सा तिथे, आणि कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर कलम 43 चे बंधनही तिथेच, म्हणजे तेव्हा परवानगीशिवाय विकता येत नसे. मग ते एखाद्या नावावर बोट ठेवत. नावाला कंस म्हणजे ते नाव कमी झाले. शेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा. "कंस दिसला की आकडा वाचायचा, आणि आकडा वाचला की तलाठ्याकडे जाऊन तो फेरफार मागायचा. नाव आपोआप जात नाही, कुणीतरी काढलेले असते."

आमच्या उताऱ्यावर कंसात माझ्या आत्याचे नाव होते. मी घरी जाऊन विचारले, आणि घरात बरेच दिवस अबोला झाला. हक्क सोडल्याचा जबाब तिने दिला होता, पण कसला अंगठा आहे हे तिला कुणी वाचून दाखवले नव्हते. तिला पुढे काय मिळाले ती घरातली बाब आहे, इथे लिहीत नाही. मी पुढे बँकेत कर्जाच्या टेबलावर बसलो आणि हजारो सातबारे हाताखालून गेले. इतर हक्काच्या रकान्याकडे माझे बोट आजही आधी जाते.

काकांची मुलगी आमच्याच वर्गात, त्यामुळे त्यांचे घरही मी पाहिले. काकूंना संधिवात. थंडीत बोटे वळत नसत. मग कोर्टातून आलेला माणूस पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून चुलीपुढे बसे. तांदळाची उकड ते गरम असतानाच मळत, पाण्याचा हात लावून भाकरी परातीतच गोल फिरवत मोठी करत आणि ती तव्यावर अशी टाकत की कडेला एक चीर पडत नसे. त्या काळात पुरुषाने भाकरी थापणे ही गावभर चर्चेची गोष्ट होती. कुणी चेष्टा केली की म्हणत, "वकील थापा मारतात असे म्हणता ना, मी नुसत्याच थापतो." दिवेलागणीनंतर पक्षकार घेत नसत. ती वेळ मुलांच्या वह्यांची आणि खाटेवरच्या आईचे पाय चेपायची. मोठमोठी माणसे अंगणात ताटकळून परत जात. काहींना तो माज वाटे. वाटो.

बहिणींच्या बाबतीत ते कसे वागले हे मला मुलीकडून फार उशिरा कळले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून मिळाला, तोही त्या तारखेपर्यंत लग्न न झालेल्या मुलींनाच. देशभर ती अट गेली 2005 च्या दुरुस्तीने. काकांच्या दोन्ही बहिणी कितीतरी आधी सासरी गेलेल्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांना वडिलांच्या हिश्श्यातला लहानसा वाटा येत होता, आणि नातेवाइकांची अपेक्षा होती की भाऊबीजेच्या साडीवर तोही सोडतील. काकांनी भाऊ-बहिणी सगळ्यांना सारखे वाटे केले. धाकट्या भावाने काही वर्षे उंबरा ओलांडला नाही. काका दर गणपतीला त्याच्याकडे जात राहिले, आणि वाटणीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

काका गेल्यावर मुलीने त्यांची कायद्याची पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला दिली. परवा जाऊन पाहिले. कपाटाची एक काच फुटली आहे आणि खालच्या कप्प्याला वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. लोखंडी कपाटाचे पैसे मी देतो, समितीने ते मेपूर्वी घ्यावे, पावसाळ्यानंतर उपयोग नाही. दुसरे, सातबारा आता मोबाईलवर निघतो, तरी कंस आणि वर्तुळातला आकडा वाचणारी मुले मला दिसत नाहीत. नववीला शनिवारचा एक तास मोकळा करून द्यावा. मी निवृत्त आहे, येईन.